बाप्पाचे डोळे पुसणाऱ्या डिझायनरसाहेबांना खुले पत्र

डिझायनरसाहेब,

तुमचा बॅनर लालबागच्या नाक्यावर झळकला. अभिनंदन! बाप्पाच्या डोळ्यांतून मागचा भगवा रंग दिसतोय. सुळाही भगवा, मोत्यांची माळ गायब, आणि ताटात मोदकांच्या जागी भोकं. एवढी सफाई महापालिकेलाही जमत नाही.

मूर्तीमागची पांढरी भिंत उडवायची होती ना? गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही 'सिलेक्ट बाय कलर' घेतलंत, भिंतीवर क्लिक केलंत आणि डिलीट दाबलंत. ते टूल अख्ख्या चित्रातला त्या छटेचा पांढरा उचलतं. भिंत कुठली नि बुबुळाभोवतीचा पांढरा कुठला, हे त्याला कळत नाही. तुम्हाला कळायला हवं होतं. 'फझी सिलेक्ट' घेतलं असतंत तर भिंतीला सलग लागलेला भागच निवडला गेला असता. डोळे वाचले असते, माळ वाचली असती. सुळा भिंतीला टेकलेला, तिथे पाथ टूलने हाताने कड काढायची. आणि डिलीटऐवजी चित्र न पुसता नुसतं झाकणारा लेअर मास्क लावला असतात, तर झाकलेलं पांढऱ्या ब्रशने परत आणता आलं असतं.

परळ-लालबागच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी जाणत्या हातालाच देतात. बुबुळ केसभर सरकलं तरी मूर्तीचा भाव बदलतो. त्या कारागिराची मेहनत तुम्ही एका क्लिकमध्ये धुऊन टाकलीत, म्हणून हा राग.

वर म्हणता, "फुकटचं सॉफ्टवेअर, एवढंच होणार!" बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं गिंप 1996 साली लोकांसाठी खुलं झालं. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक ते घडवताहेत. त्यांनी पैसे मागितले नाहीत म्हणून त्यांच्या माथी तुमचा आळस मारू नका. याच मुंबईत 1894 साली राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला. तिथे देवाच्या एका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड तयार करावा लागे. तुम्हाला तर फक्त दोनशे टक्के झूम करून चेहरा एकदा बघायचा होता.

मंडळाच्या लोगोभोवतीचा पांढरा डबाही तुमचाच. जेपीईजीत पारदर्शकता राहत नाही, पीएनजीत एक्स्पोर्ट करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नका टाकू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तिथे पुन्हा जेपीईजी होऊन डबा परत येतो.

मूळ फोटो पाठवतोय. प्राणप्रतिष्ठेआधी हा बॅनर उतरवून डोळे असलेला लावा.

– लालबागमधल्या एका मंडळाचा कार्यकर्ता