सोवळ्यातली फियाट

नानांची गाडी बघायला जायचं असेल तर आधी नखं कापावीत, अंगठी आणि घड्याळ घरी ठेवावं आणि पट्ट्याचं बक्कल शर्टाखाली झाकून घ्यावं. एवढं करूनही गाडीला हात लावायला मिळेल अशी आशा धरू नये. गाडी सोवळ्यात आहे. ठाण्याला, नौपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा एक भलाथोरला फुगा रात्रंदिवस फुगलेला असतो आणि त्याच्या पोटात १९७० सालची फियाट ११०० डिलाइट उभी असते. सोसायटीत नवीन आलेल्या एका पोराने नानांना विचारलं होतं, "आजोबा, ह्या मिकी माउसमध्ये उड्या मारायचे किती पैसे?" त्या कुटुंबाशी नाना अजून बोलत नाहीत.

असे नाना जुन्या वस्त्यांतून एखाददुसरे असतातच. त्यांना संग्राहक म्हणावं, तर संग्रहात नग एकच. शोकीन म्हणावं, तर बाकीचा सगळा कारभार काटकसरीचा. चहात साखर किती पडली यावर लक्ष ठेवणारा हा माणूस फुग्याच्या पंख्यांना चोवीस तास वीज पुरवतो. विचारलं तर म्हणतो, "बारा व्होल्टचे पंखे आहेत हो, कॉम्प्युटरमध्ये असतात तसले. खातात कितीशी वीज!"

गाडी वडिलांची. तो लायसन्स-परमिटचा जमाना. नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. नोंदवलं तेव्हा नाना शाळेत होते, गाडी आली तेव्हा कॉलेजात. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून ती घरी आली त्या दिवसाचं वर्णन नाना इतकं रंगवून करतात, की स्वतःच्या लग्नाला त्यांनी त्याच्या निम्मीही वाक्यं दिलेली नाहीत. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढच्या दाराला तिकोनी काच. तिला चुकून कुणी 'पद्मिनी' म्हटलं की नाना जागच्या जागी थांबतात. "पद्मिनी हे नाव नंतरचं. ही फियाट." पण ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा हेच नाना दिवसभर जेवले नाहीत. घरातली भांडणं घरात, सुतक मात्र सगळ्यांना.

फुग्याआधी काय काय झालं ते नानी सांगतात. आधी कापडी कव्हर होतं. ते वाऱ्याने फडफडायचं, खालची धूळ रंगावर घासायचं आणि प्रत्येक चरा नाना भिंगातून मोजायचे. मग ताडपत्री आणली. तिच्याखाली पावसाळ्यात गाडीला घाम फुटला. शेजारच्या दोन इमारती पुनर्विकासाला पाडल्या, तेव्हा सिमेंटच्या धुळीने नानांचा रक्तदाब वाढला. शेवटी फुगा आला. खाली जाड चटई, तिच्यावर गाडी चढवायची, वरून आच्छादन ओढायचं, चारी बाजूंनी चेन लावायची आणि पंखे सुरू करायचे. पाच-दहा मिनिटांत प्लॅस्टिक गाडीपासून हातभर दूर उभं राहतं. हवा गाळणीतून आत येते, गाडीभोवती फिरते आणि शिवणींतून बाहेर पडते. कापड अंगाला लागत नाही, चेंडू लागला तर फुग्याला लागतो, आणि मांजराला बॉनेटवर झोपता येत नाही. मांजराचा हा अपमान सोसायटीतल्या पुष्कळांना आवडलेला नाही.

फिरत्या हवेचं शास्त्र नाना लिफ्टची वाट बघणाऱ्या कोणालाही ऐकवतात. रात्री पत्रा थंड होतो, सकाळची दमट हवा त्याला टेकली की दव धरतं, दव धरलं की गंज. हवा सतत खेळती असेल तर पत्रा हवेच्याच तापमानाला राहतो आणि दव बसत नाही. हे खरं आहे. पण पंखा हवा फिरवतो, वाळवत नाही, आणि ठाण्याच्या जुलैतली हवा म्हणजे जवळजवळ पाणीच. आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाला हुरूप येतो, आणि आपल्याकडे तर ती कित्येक दिवस पंचाऐंशीच्या खाली उतरत नाही. नानांच्या हे ध्यानात आलं तेव्हा त्यांनी हवेतलं पाणी शोषणारं यंत्र आणलं.

इथे नानींना आशा वाटू लागली. "अहो, आठ दिवस झाले, टॉवेल वाळत नाहीयेत. तुमच्या त्या फुग्यात एक दोरी बांधा की."

नाना तीन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "एका ओल्या साडीत पाणी किती असतं, कल्पना आहे तुला?"

वीज जाते तेव्हा पंखे थांबतात आणि फुगा हळूहळू गाडीवर बसतो. म्हणून घरातला इन्व्हर्टर खाली पार्किंगला जोडलेला आहे. वर नानी मेणबत्तीवर भाजी चिरतात. उंदीर येऊ नयेत म्हणून नाना बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवतात. जन्मात सुपारीचं खांडही न खाल्लेला हा माणूस पानपट्टीवर उभं राहून तंबाखू घेतो. त्यावरून सोसायटीत जे बोललं जातं ते त्यांनी गाडीसाठी सोसलं आहे.

आणि एवढं सगळं करून नाना गाडी चालवत नाहीत. दर रविवारी चेन उघडतात, चोक ओढतात, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात, डोळे मिटून ऐकतात आणि बंद करतात. त्यांचे म्हातारे मेस्त्री याच गोष्टीवर चिडतात. पाच मिनिटांत तेल धड तापत नाही, धुरातलं पाणी सायलेन्सरमध्येच साठतं आणि गंज आतून लागतो. ब्रेकची रबरं सुकतात, एकाच जागी उभ्या टायरांना खालून सपाटी येते, आणि हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. "नाना, महिन्यातून एकदा घोडबंदर रोडने फिरवून आणा. गाडी तापू द्या, पळू द्या." त्यावर नानांचं एकच उत्तर : "खड्डे बघितलेत?" मुंबईत हॉर्निमन सर्कलला जुन्या गाड्यांची रॅली असते तेव्हा नाना जातात. लोकलने.

२०२१ साली केंद्र सरकारने नियम केला : पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात सांभाळलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबरही राहतो, मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच परवानगी. इतर मालक या अटीवर कुरकुरले. नानांनी कात्रण लॅमिनेट करून नानींच्या देव्हाऱ्याशेजारी लावलं. आयुष्यभर जे केलं नाही त्यालाच सरकारने बंदी घातल्याचा एवढा आनंद झालेला दुसरा नागरिक मी पाहिलेला नाही.

आता प्रश्न वारसाचा आहे. मुलाने विजेवरची गाडी घेतली आणि तो बाद झाला. नातू उत्साही आहे, पण तो परवा म्हणाला, "आजोबा, एकदा लोणावळ्याला नेऊ या ना हिला." त्याच संध्याकाळी फुग्याच्या चेनला कुलूप लागलं. तेव्हा वाचकांपैकी कोणी स्वच्छ हातांचा, कमी बोलणारा, दमट हवेचा मनापासून तिटकारा असणारा मनुष्य असेल तर त्याने नौपाड्यात येऊन नानांना भेटावं. अट एकच आहे : ड्रायव्हिंग लायसन्स नसावं.