मा. अठरा मीटर रस्ता साहेब यांस

प्रति,
मा. अठरा मीटर डीपी रस्ता साहेब,
मुक्काम नकाशा, मोशी-भोसरी शीव.

सा. न. वि. वि.

आपण कागदावर सुखरूप आहात, हे परवा नकाशा पाहून समजलं. बरं वाटलं. फ्लॅट बुक केला तेव्हा माहितीपत्रकात आपला फोटोही पाहिला होता: दुतर्फा गुलमोहर, मधोमध दुभाजक आणि सायकलवर हसणारं एक कुटुंब. खाली मजकूर, 'भोसरी एमआयडीसी पाच मिनिटांवर.' कावळ्याला तेवढीही लागत नाहीत. आम्ही मात्र पुणे-नाशिक महामार्गाने वळसा घालतो. तिथे सकाळी कंपन्यांच्या बस, कंटेनर आणि शाळेच्या व्हॅन एकमेकांना खेटून उभ्या असतात.

आपल्यासाठी नुकतीच आमची सोसायटी आणि कारखानदार यांची संयुक्त बैठक झाली. आपल्याला विरोध करणारा एकही निघाला नाही, हीच खरी पंचाईत. आमच्या सोसायटीचा ठराव असा: रस्ता हवाच, पण तोंडाशी हाइट बॅरिअर लावून. आमच्या गाड्या तिकडे जातील, त्यांचे कंटेनर इकडे यायचे नाहीत. कारखानदारांनाही रस्ता हवाच, पण मालवाहतुकीला. शिफ्ट सुटताना मध्ये व्हॅन, स्कूटी, शतपावलीचे आजोबा नकोत. त्यांचं अगदीच चूक नाही. चाळीस फुटी कंटेनर एकटाच बारा मीटरहून लांब, पुढचं ओढणारं धूड वेगळं. वळताना त्याला अख्खा रस्ता लागतो. पायी चालणाऱ्यांचं काय, असं मागून कुणीतरी विचारलं. तेवढ्यात चहा आला.

पायी चालणारे आपल्यासाठी थांबलेले नाहीत, साहेब. मधल्या कंपाउंडचे दोन पत्रे त्यांनी केव्हाच वाकवलेत. धारेने हात कापू नये म्हणून कडेला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून तारेने आवळली आहे. सकाळी त्या फटीतून आधी डब्याची पिशवी पलीकडे जाते, मग माणूस. कंत्राटी कामगार असतात, आमच्याकडे धुणीभांडी उरकून पॅकिंगला पळणाऱ्या बायका असतात. या कामाची निविदा निघाली नव्हती, उद्घाटनही झालं नाही. परिसरात चालू असलेला रस्ता तेवढा एकच.

आपल्या पोटात एका शेतकऱ्याची जमीन आहे. तिच्या बदल्यात त्यांना टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, देऊ केला. ते म्हणाले, "फ्लॅट तुमचे, कारखाने त्यांचे, आणि सोडायची जमीन तेवढी माझी होय?" रोख मोबदला द्या, उद्या ताबा घ्या, असं त्यांचं म्हणणं. यावर दोन्ही बाजू खाली बघू लागल्या. बैठकीत पहिल्यांदाच एकमत दिसलं.

काळजी वाटते ती आपल्या आयुष्याची. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधलं कलम 127 आपण वाचलं असेलच. डीपी, म्हणजे विकास आराखडा, अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. नुसती पत्रं धाडली म्हणजे पाऊल पडलं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगून ठेवलंय. आपल्या नावाने आजवर पत्रंच निघालीत. त्यात हे एक.

तरी विनंती अशी: हाइट बॅरिअरचा हट्ट आम्ही सोडतो (सर्वसाधारण सभेत मार खाण्याची तयारी ठेवूनच हे लिहितो आहे). कंपन्यांनी पदपथाला हरकत घेऊ नये. शेतकऱ्याचा मोबदला आधी, मुरूम नंतर. आपण या पत्राला उत्तर पाठवू नये. मोजणीची तारीख पाठवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक फ्लॅटधारक
(हप्ते नियमित)