लखपतीचा रकाना

(परभणी जिल्हा, गंगाखेड तालुक्यातलं एक गाव. घराची ओसरी. सर्वेक्षकाच्या हातात टॅब, बचत गटाच्या अध्यक्ष मावशी शेंगा फोडतायत.)

सर्वेक्षक : अभिनंदन मावशी! तुम्ही लखपती दीदी झालात.

मावशी : कवा? मला तर कुणी सांगितलं न्हाई.

सर्वेक्षक : आत्ताच. घराचं वर्षाचं उत्पन्न एक लाख झालं की लखपती. सोयाबीन, शेळी, पापड मिळून तुमचे एक लाख चार हजार भरले.

मावशी : बियाणं, खत, मळणी वजा केली का?

सर्वेक्षक : (टॅब हलवत) इथं रेंज नाही.

मावशी : अन् हे उत्पन्न चार हंगाम टिकायला पायजे, असं मीटिंगीत सांगितलं व्हतं.

सर्वेक्षक : चार हंगाम थांबलो तर माझंच कंत्राट संपेल. वरून आकडा आहे हो. १५ ऑगस्ट २०२३ला लाल किल्ल्यावरून दोन कोटी दीदी म्हणाले, सहा महिन्यांत, अर्थसंकल्पात तीन कोटी झाल्या.

मावशी : झाल्या?

सर्वेक्षक : म्हणजे... उद्दिष्ट झालं.

मावशी : आमच्या आधी उद्दिष्टाचीच भरभराट! कुठल्या गटात हाय ते?

सर्वेक्षक : पुढचं. पापडाचं प्रशिक्षण किती जणींनी घेतलं?

मावशी : तीस.

सर्वेक्षक : वा! शंभर टक्के यश.

मावशी : पापड इकत घेणाऱ्याबी त्याच तीस जणी.

सर्वेक्षक : असू द्या. अशानंच जिल्हा पुढं जातो.

मावशी : जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतोच की आपण. त्याला कुठं सर्व्हे लागला?

सर्वेक्षक : मग गटाचा काहीच फायदा नाही, असं लिहू?

मावशी : खबरदार! तसं कामून लिहायलात? त्या खुंटीला काय हाय बघा.

सर्वेक्षक : कोयता. गंजलाय.

मावशी : पंधरा वर्सं मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळी झाली की घराला कुलूप लावायचं अन् नवराबायकोनं ऊस तोडायला जायचं. पोरगी संगं, शाळा बुडालेली. गटातून कर्ज काढून मुकादमाची बाकी फेडली, दोन शेळ्या घेतल्या. यंदा मालकाचं ऑपरेशन निघालं.

सर्वेक्षक : तेव्हाच शेळी विकली! मी 'पशुधन विक्री, उत्पन्नात वाढ' लिहिलंय.

मावशी : वाढ कशाची, दावं रिकामं झालं. पण आधी अशा वक्ताला मुकादमाचं दार धरावं लागायचं, यंदा दारातच शेळी व्हती. पोरगी गावातच सातवी शिकायलीय. लिहा हे.

सर्वेक्षक : (टॅब वर-खाली करत) 'उचल घेतली नाही' असा रकानाच नाही मावशी.

मावशी : मंग टॅब ठिवा घरी. दिवाळी झाल्यावर या, अन् गावात किती घरांना कुलूप हाय तेवढं मोजून जा. त्याला रेंज लागत न्हाई.