मिटणारा पंखा: अगदी नवख्या बोटमालकांसाठी

अभिनंदन! तुम्ही शिडाची बोट घेतलीत. दहा मीटर लांब, जवळजवळ तुमच्याच वयाची, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हॅम्बल नदीत बांधलेली. घरी अजून सांगितलं नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते काम उरका. यापुढचे खर्च लपवता येण्याजोगे नाहीत.

शिडाच्या बोटीला डिझेल इंजिनही असतं. वारा पडला की किंवा धक्क्याला लागताना ते कामी येतं. इंजिनाचा शाफ्ट पाण्याखाली बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. शिडं चढवून इंजिन बंद केलं की हा पंखा बिनकामाचा होतो आणि पाण्याला आडवा उभा राहून हलक्या वाऱ्यात बोटीचा अर्धा ते एक नॉट वेग खातो. अर्धा नॉट म्हणजे ताशी एक किलोमीटरसुद्धा नाही. एवढ्यासाठी शहाणीसुरती माणसं चार आकडी पौंड का मोजतात, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याच बनावटीची बोट तुम्हाला ओलांडून जाईल आणि तिच्यावरचा माणूस चहाचा मग उंचावून हसेल, त्या दुपारनंतर वाटणार नाही.

ही खंत जुनीच आहे. १८६० साली पाण्यात उतरलेली ‘वॉरियर’ ही युद्धनौका आज पोर्ट्समथला, म्हणजे तुमच्यापासून जवळच, बघायला मिळते. तिला वाफेचं इंजिनही होतं आणि शिडंही. शिडांवर जायचं ठरलं की पंखा शाफ्टपासून सोडवायचा आणि शेकडो खलाशांनी दोर ओढून तो जहाजाच्या पोटात वर घ्यायचा. धुराडी दुर्बिणीच्या नळीप्रमाणे खाली सरकत, तो सोहळा वेगळा. तुमच्याकडे शेकडो खलाशी नाहीत. एक मेहुणा आहे, तोही शनिवारी मोकळा असेल तर. म्हणून स्वतःहून मिटणारा पंखा.

पायरी पहिली: आपल्याकडे काय आहे ते ओळखा

दोन जाती आहेत. पहिलीत पाती बिजागरीवर बसवलेली असतात आणि पाण्याच्या रेट्याने मागे मिटतात. इंजिन चालू केलं की शाफ्ट फिरतो आणि पाती बाहेर फेकली जाऊन उघडतात. डेन्मार्कचे गोरी आणि फ्लेक्सोफोल्ड या जातीचे. दुसऱ्या जातीत पाती मिटत नाहीत, आपापल्या अक्षावर वळतात आणि पाण्याकडे फक्त धार करतात. धावत्या एसटीच्या खिडकीतून तळवा बाहेर धरला की वारा तो मागे ढकलतो, आडवा केला की सुळकन कापत जातो; तोच हिशेब. इटलीचा मॅक्स-प्रॉप हा यातला सगळ्यांत ओळखीचा. न्यूझीलंडचा किवीप्रॉपही याच घरचा, त्याची पाती मात्र धातूची नसतात.

माझं मत विचाराल तर, शर्यती करायच्या असतील तर दोन पात्यांचा मिटणारा घ्या. कुटुंब घेऊन हिंडायचं असेल आणि मरिनातली जागा चिंचोळी असेल तर धार वळवणारा घ्या. का, ते शेवटच्या पायरीत कळेल. तोवर बोटीला काही झालं नाही म्हणजे मिळवली.

बोट जुनी असेल तर आणखी एक गोष्ट बघा: दोन पात्यांच्या मुळाशी एकमेकांत गुंतलेले दाते आहेत का? असतील तर पाती जोडीने उघडतात, जोडीने मिटतात. नसतील तर प्रत्येक पातं आपापल्या मर्जीचं. बोट हळू चालली असेल तर खालचं पातं वजनाने लोंबतं आणि तुम्ही पैसे मोजून घालवलेला अडथळा परत येतो. यावर जुन्या लोकांचा तोडगा साधा आहे. बिजागरीची पिन उभी येईल अशा स्थितीत शाफ्ट फिरवून ठेवायचा, म्हणजे दोन्ही पाती शेजारी शेजारी मिटून राहतात. ही स्थिती पाण्याखाली दिसत नाही, म्हणून बोट जमिनीवर असतानाच आतल्या बाजूला शाफ्टवर रंगाची खूण करून ठेवा. पुढे दर वेळी शिडं चढवल्यावर कोणीतरी इंजिनाच्या खोबणीत डोकं घालून ती खूण वर आणायची. मेहुणा यासाठीच असतो.

पायरी दुसरी: पंखा मिटवा

इंजिन बंद केलं म्हणजे पंखा मिटला, असं नाही. बोट शिडांवर चालली असेल तर पाणीच पंखा फिरवत राहतं आणि फिरता पंखा उघडाच राहतो. बोटीला थोडा वेग असताना इंजिन बंद करा आणि गिअर रिव्हर्समध्ये टाका. शाफ्ट थांबतो, पाती मिटतात. धार वळवणाऱ्या पंख्याचे काही उत्पादक याऐवजी इंजिन फॉरवर्डमध्येच, अगदी मंद चालवून बंद करायला सांगतात. गिअरबॉक्सवाल्याचं म्हणणं त्याहून वेगळं असू शकतं. दोन्ही पुस्तिका शोधा. जुन्या मालकाने त्या नक्की ठेवल्या असतील, बहुधा ओल्या शिडाच्या पिशवीखाली.

पायरी तिसरी: पंखा पाहा

सगळी गोम इथे आहे. या पंख्याचा गुण असा की तो काम नसताना नाहीसा होतो, आणि मालकही त्याला नाहीसा झालेलाच समजतो. ग्रीस संपतं, जस्त झिजतं, पिन सैल होते, हे सगळं दीड मीटर पाण्याखाली. वर तुम्ही सँडविच खात असता.

तेव्हा वर्षातून एकदा तरी तो डोळ्यांनी पाहायचा. यार्डात बोट उचलण्याचा दर ऐकून बसायला खुर्ची मागाल. स्वस्त मार्ग असा: क्रेनवाले दुपारी जेवायला जातात तेवढा वेळ बोट पट्ट्यांवर लोंबकळती ठेवायची. तासाभराचं काम असतं आणि क्रेनवाल्याचं जेवण कधीच लांबत नाही. त्याहून स्वस्त म्हणजे किनाऱ्यालगत रोवलेले खांब. भरतीला बोट त्यांना टेकवून बांधायची आणि ओहोटीला पाणी गेलं की चिखलात उतरायचं. साउदॅम्प्टनच्या पाण्याला एक खोड आहे. भरती तिथे दोनदा शिगेला पोचते आणि पाणी वरच रेंगाळतं, मग ओहोटीला घाईने पळतं. म्हणजे वाट बघायला भरपूर वेळ, काम करायला थोडा. चिखलात पडलेली पिन शोधायला अजिबात नाही. खाली आधी ताडपत्री अंथरा.

आता हाताने पातं धरून हलवा. जरासा प्ले चालतो. खडखड वाजत असेल तर पिन किंवा बुश गेलं. पात्याच्या मुळाशी दाते झिजून टोकदार झालेत का ते बघा. मग रंग. पितळी पिवळा असेल तर ठीक. लालसर गुलाबी डाग दिसले तर वाईट बातमी आहे: धातूतलं जस्त पाण्यात निघून गेलं आणि उरलं ते सच्छिद्र तांबं. पाना उलटा धरून हलकेच वाजवा. निरोगी पातं टणत्कार करतं, आजारी पातं ठप्प वाजतं. आवाज ऐकल्यावर शेजारच्या बोटीवरचा म्हातारा मान हलवेल. तो दोन्ही आवाजांना तशीच हलवतो.

बार्नेकलची खरखरीत टोपणं खरवडून काढा, विशेषतः बिजागरीतली. उन्हाळ्यात बोट तीन-चार आठवडे उभी राहिली तर ही मंडळी मिटल्या पात्यांच्या फटीत संसार थाटतात. मग पहिल्याच दिवशी एक पातं उघडतं, दुसरं नाही, आणि सगळी बोट थरथरते. मुंबईच्या कोमट पाण्यात हे आणखी लवकर होतं. आत्ता थरथरत असेल तर थोडं फॉरवर्ड, थोडं रिव्हर्स असं दोन-चारदा करून बघा. नाही सुटलं तर पाणबुड्या बोलवा किंवा स्वतः बुडी मारा. इंजिन बंद करून, किल्ली खिशात घेऊन, आणि मेहुण्याला सांगूनच.

पायरी चौथी: जस्त

पंख्याच्या टोकावर जस्ताची टोपी असते. ती झिजावी म्हणूनच लावलेली असते. ती झिजते तोवर पंखा वाचतो. अर्धी उरली की बदला. तिला रंग लावू नका, चकचकीत दिसावी म्हणूनसुद्धा. खाऱ्या पाण्यात जस्त, मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

वर्षभरानंतर ती नव्यासारखी निघाली तर पेढे वाटू नका. तिचा पंख्याशी विजेचा संपर्कच नाही आणि तिच्या जागी पंखा झिजतो आहे. उलट दोन महिन्यांत संपली तर धक्क्यावरून घेतलेल्या विजेच्या तारेकडे बघा. तिच्यातल्या अर्थिंगमधून सगळ्या बोटी एकमेकींना जोडलेल्या असतात. शेजाऱ्याने जस्त लावलं नसेल तर तुमचं त्याच्यासाठीही झिजतं. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची डबी बसवली की हा परोपकार थांबतो.

पायरी पाचवी: ग्रीस, आणि मोह

धार वळवणाऱ्या पंख्याच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या गाभ्यात, बेव्हल गिअर असतात आणि त्यांना ग्रीस लागतं. हबवरचा स्क्रू काढायचा, तिथे निपल बसवायचं आणि पात्यांच्या मुळांतून जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मारायचा. मग निपल काढून स्क्रू परत लावायचा. काम एवढंच. ग्रीस पाण्यात न विरघळणारं, उत्पादक सांगेल तेच. निपल तिथेच ठेवलं तर पुढच्या वर्षी ते तिथे नसेल.

इथे थांबा. ग्रीस भरून झाल्यावर प्रत्येक नवख्याला वाटतं, आता एवढं उघडलंच आहे तर आत काय आहे ते बघू या. बघायलाच हवं असेल तर पुढे वाचा.

पायरी सहावी: पंखा खोला

स्प्लिट पिन काढा, स्क्रू काढा, हबचे भाग वेगळे करा. पाती हातात येतील.

पायरी सातवी, जी सहावीच्या आधी करायची होती

खोलण्यापूर्वी प्रत्येक भागाचा फोटो घ्या आणि प्रत्येक पातं हबच्या कोणत्या घरात होतं ते मार्करने लिहा. मॅक्स-प्रॉपमध्ये पात्यांवर आणि हबवर खुणा कोरलेल्या असतात. गिअरचा कोणता दाता कुठे बसला यावर पात्यांचा कोन, म्हणजे पिच, ठरतो. एक पातं एक दाता पुढे बसलं तर पंखा दिसायला सुंदर दिसतो आणि फिरायला लागल्यावर चहाचे कप टेबलावरून चालायला लागतात. जुळणी होत आली असताना मेहुणा म्हणेल, “दाजी, हे एवढंसं वॉशर उरलंय. लागतं का?”

लागतं.

पायरी आठवी: बदलायचाच असेल तर

जुना पंखा शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. पुलर लावा. शाफ्टवर हातोडा मारू नका, तो घाव थेट गिअरबॉक्सला बसतो. आणि नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. पंखा सुटतो तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो आणि मागे उभा असलेला माणूस त्याच्या वाटेत असतो.

नवा मागवताना व्यास, पिच आणि तो डावा की उजवा, म्हणजे कोणत्या दिशेने फिरणारा, हे तिन्ही लागतं. पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांत व्यासाच्या किमान दहा टक्के फट सोडा, नाहीतर तळ थरथरत राहतो. शाफ्टऐवजी सेलड्राइव्ह असेल तर त्याचं अंग ॲल्युमिनियमचं असतं. ब्राँझचा पंखा त्याच्यापासून विजेच्या दृष्टीने वेगळा राहील असा हब हवा आणि तांबं असलेला रंग तिथे नको.

बसवताना आधी चावी, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारी धातूची पट्टी, न घालता पंखा निमुळत्या टोकावर चढवा आणि तो कुठवर पोचतो तिथे पेन्सिलची रेघ मारा. मग चावी घालून चढवा. रेघेपर्यंत आला तर बरोबर. अलीकडे थांबला तर तो शाफ्टवर बसलेलाच नाही, चावीवर चढून बसला आहे. ही एक रेघ न मारल्याने किती पंखे सैल झाले असतील, ते समुद्राच्या तळालाच ठाऊक. पुस्तिकेत सांगितलं असेल तिथे स्क्रूंना लॉकटाइट लावा.

पाण्यात गेल्यावर इंजिन पूर्ण जोरात चालवा. पुस्तिकेत मिनिटाला ३६०० फेरे लिहिलेत आणि ३००० वरच दम लागून काळा धूर येतोय, तर पिच जास्त आहे. सहज पुढे पळत असेल तर कमी.

पायरी नववी: रिव्हर्स

मिटणाऱ्या पंख्याला रिव्हर्समध्ये पाण्याचा दाब मिटवू पाहतो आणि फिरण्याचा जोर उघडू पाहतो. हळू फिरवलात तर मिटवणारा जिंकतो आणि बोट शांतपणे धक्क्याकडे जात राहते. तेव्हा रेस द्या, घाबरून नव्हे, वेळेआधी. धार वळवणाऱ्याची पाती मात्र उलटी वळतात आणि रिव्हर्सलाही तीच धार पुढे येते, म्हणून तो झटकन थांबवतो. फक्त दिशा बदलताना न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा आणि ‘ठक्क’ आवाजाला दचकू नका. पंखा उजवा असेल तर रिव्हर्समध्ये मागची बाजू बहुधा डावीकडे सरकते. याचा फायदा घ्या, किंवा डावीकडे कोणाची महागडी बोट नाही ना ते आधी बघा.

हा सराव रविवारी दुपारी मरिनात करू नका. मंगळवारी सकाळी करा, बघे कमी असतात. जुना, न मिटणारा पंखा विकून टाकू नका, अडीनडीला तोच लागेल. आणि पुलर यार्डवाल्याला आजच परत द्या. तुम्ही न्यायला आलात तेव्हा त्याने वहीत लिहून ठेवलं आहे.