कार्योत्तर मंजुरी

आमचे दाजी दुकानात शिरले की दुकानदार दोन गोष्टी करतो. पंखा एका नंबरानं कमी करतो आणि चहा सांगायचं टाळतो. हे गिऱ्हाईक लवकर उठणारं नाही आणि उठताना काही घेऊन जाणारं तर मुळीच नाही, हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं. दाजी मात्र खुशीत बाहेर पडतात. "बघून ठेवलं," म्हणतात. त्यांच्या आयुष्यात घेतलेल्या वस्तूंपेक्षा बघून ठेवलेल्या वस्तूच जास्त आहेत.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची हयात गेली. तिथं नटबोल्ट घ्यायचा असो की बेअरिंग, रीत एकच. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा आणि कागद वर पाठवायचा. ही रीत हळूहळू दाजींच्या रक्तात उतरली. तीन दुकानांतून मूठमूठ नमुना आल्याशिवाय त्यांच्या घरी तांदूळ शिजत नाही. अक्काला बघायला आले तेव्हा त्यांनी पाहिलेली ती तिसरी मुलगी होती. स्थळानं तिथल्या तिथं होकार दिला म्हणून आई पोरीच्या नशिबाचं कौतुक करायची. अक्का म्हणते, "नशीब कसलं, दरपत्रकं पुरी झाली."

२०१४ च्या जूनमध्ये त्यांची लेक तीन महिन्यांचं बाळ घेऊन बंगळुरूला सासरी परतली. अक्काचा जीव लागेना. जावई म्हणाले, "आई, साधासा स्मार्टफोन घ्या. स्काइपवर रोज बाळ बघता येईल." दाजींनी ताबडतोब तत्त्वतः मान्यता दिली. सात हजारांची मर्यादा घातली आणि मला बोलावून घेतलं, कारण घरात संगणक आणि इंटरनेट फक्त माझ्याकडे.

मी म्हणालो, "दाजी, मोटोरोलाचा मोटो ई आलाय मे महिन्यात. ६,९९९ रुपये. मर्यादेत बसतोय."

दाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पाव्हणं, एका दरपत्रकावर खरेदी? उद्या ऑडिट आलं म्हणजे?"

त्यांच्या घरी ऑडिट कोण करणार होतं, ते मी विचारलं नाही. आम्ही दुसऱ्या दरपत्रकाची वाट पाहत बसलो. बाळ कुशीवर वळायला लागलं.

दुसरं दरपत्रक गणपतीच्या सुमारास आलं. शाओमीचा रेडमी वन एस, ५,९९९ रुपये. दाजींनी स्टोअरमधल्या लांबड्या कागदावर तक्ता आखला. डावीकडे तेवीस बाबी, पुढं दोन पुरवठादार, शेवटी शेरा. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. रॅम दोन्हींकडे १ जीबी, शेरा: "समान." साठवण एकात ४ जीबी, दुसऱ्यात ८. शेरा: "चारातली वापरायला सव्वादोनच. बाकी बारदान." बॅटरी १,९८० आणि २,००० एमएएच, शेरा: "वीस जास्त. वीस म्हणजे किती, चौकशी व्हावी." फ्लॅश एकाला नाही, एकाला आहे. शेरा: "टॉर्च आपल्याकडे आहे." हा शेरा त्यांच्या खिशातल्या नोकिया ११०० ला उद्देशून होता. २००३ साली बाजारात आलेला तो फोन रबरबँड लावून अजून उजेड पाडत होता. आणि पुढचा कॅमेरा: मोटो ईला नाही, रेडमीला १.६ मेगापिक्सल. शेरा: "आरसा घरात आहे."

मग भागाकार सुरू झाले. किंमत भागिले इंच, किंमत भागिले जीबी, किंमत भागिले एमएएच. वजनानं भागलं तेव्हा मोटो ई ग्रॅमला ४९ रुपयांच्या वर गेला आणि रेडमी ३८ रुपयांना पडला. त्या दिवसांत चांदीही साधारण त्याच भावात होती. दाजी बराच वेळ विचारात पडले. मला वाटतं, पायातल्या पट्ट्यांचा पर्याय त्यांच्या मनात येऊन गेला असावा.

कुठल्याही बाजूनं भागा, रेडमीच स्वस्त पडत होता. तुम्ही-आम्ही असतो तर घेऊन मोकळे झालो असतो. दाजी तिथंच अडले. सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला आधी खुर्ची द्यायची आणि विचारायचं, "बाबा, तुला परवडतं कसं?" हा त्यांच्या खात्याचा पहिला धडा. बरं, दुसरा घ्यावा तर त्यानं अँड्रॉइडची पुढची आवृत्ती फुकट द्यायचं कबूल केलेलं. दाजी म्हणाले, "जो पुढच्या मालाचं आत्ताच सांगतो, त्याच्या आत्ताच्या मालाकडं नीट बघावं."

पण बघणार कसं? दोन्ही फोन तेव्हा फक्त इंटरनेटवर विकले जात. दुकानात नमुना नाही. बेअरिंगवर नख फिरवून खरं-खोटं सांगणाऱ्या माणसाला न बघता माल घ्यायचा म्हणजे अंतरपाट न काढता संसार करण्यासारखं. अखेर बँकेतल्या एका तरुण कारकुनाकडे मोटो ई असल्याचा सुगावा लागला. दाजींनी त्याला चहा पाजला, फोन मागून घेतला आणि थेट सराफाच्या पेढीवर नेऊन काट्यावर ठेवला. काट्यानं १४२ ग्रॅम दाखवले. कंपनीनंही १४२ च लिहिले होते. दाजींचा चेहरा पडला. साखर कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला काटा बरोबर निघाला की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

२ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी दोन वाजता रेडमीची पहिली विक्री होती. दाजी पावणेदोनलाच माझ्या घरी हजर. "घ्यायचा नाही, बाजार कसा चालतो ते बघू." दोनला एक मिनिट असताना त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. दोन वाजले. त्यांनी घर उघडलं, चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसला, नाकावर चढवला आणि पडद्याकडं पाहिलं, तेव्हा माल संपला होता. संध्याकाळी बातमी आली की चाळीस हजार फोन ४.२ सेकंदांत विकले गेले. दाजींना फोन न मिळाल्याचं काहीच वाईट वाटलं नाही. त्यांना वाईट वाटलं ते त्या चाळीस हजार लोकांचं. "चार सेकंदांत? नमुना कुणी बघितला? दर कुणी पाडून मागितला?" रात्री जेवतानासुद्धा ते मधेच "चाळीस हजार माणसं," म्हणून मान हलवत होते. बाळ बसायला लागल्याचं त्याच रात्री लेकीनं फोनवर सांगितलं.

आणि मग १५ सप्टेंबरला दाजींचं स्वप्न साकार झालं. गूगलनं अँड्रॉइड वन नावाची योजना आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस, अशा तीन कंपन्यांचे तीन फोन एकाच दिवशी, साडेसहा हजारांच्या आत. तीन दरपत्रकं! दाजींनी नवा कागद घेतला, पट्टी घेतली, तीन रकाने आखले आणि भरायला बसले. पडदा: समान. रॅम: समान. साठवण: समान. कॅमेरा: समान. आतली यंत्रणा तिन्हींची जवळजवळ एकच. तास झाला, कागद "समान"नं भरला. दाजींनी पेनाचं टोपण लावलं. "फरकच नाही तर तक्ता कशाचा करू?" आयुष्यभर तीन सारखी दरपत्रकं मागणाऱ्या माणसाला ती मिळाली, तेव्हा त्याच्या हाताला काम उरलं नव्हतं.

इथं दाजींना कंजूस ठरवण्याची घाई करू नका. पाहुण्याच्या हातावर शंभराची नोट ठेवताना त्यांचा हात थरथरत नाही. त्यांना भीती खर्चाची नाही, फसण्याची आहे. ज्या पगारात एक कूकर चुकीचा निघाला तर दुसऱ्याला तीन वर्षं थांबावं लागायचं, त्या पगारात ते म्हातारे झाले. चूक परवडणाऱ्यांना पटकन निर्णय घेता येतो. बाकीचे तक्ता करतात. तोटा एवढाच की तक्ता करता करता वस्तू कशासाठी हवी होती, ते कागदावरून निसटतं.

जानेवारी २०१५ मध्ये लेनोवोचा ए६००० आला, ६,९९९ रुपयांत फोर-जीसकट. दाजी म्हणाले, "बघा, थांबलो ते बरं झालं." मार्चमध्ये मोटो ई आणि रेडमी, दोघांचे पुढचे अवतार आले, आणि दोघांचीही किंमत ६,९९९. दर समान! पुन्हा नवा तक्ता, 'सुधारित, क्रमांक ४'. इकडं बंगळुरूला बाळाला दात आले, बाळ रांगलं, भिंत धरून उभं राहिलं. अक्काला हे सगळं ऐकू येत होतं. दिसत काहीच नव्हतं.

जूनमधल्या एका सकाळी लेकीनं फोन बाळाच्या तोंडाशी धरला आणि पलीकडून "आज्जी" ऐकू आलं. अक्कानं फोन ठेवला. डब्यातून भिशीचे पैसे काढले, पायात चपला सरकवल्या आणि ती स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेली. तिथल्या पोरानं विचारलं, "काकू, कसला पाहिजे?" अक्का म्हणाली, "पलीकडचं माणूस मला दिसलं पाहिजे, आणि मी त्याला. एवढंच बघ." वीस मिनिटांत ती फोन घेऊन परतली. कुठल्या कंपनीचा म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "निळ्या कव्हराचा."

त्या संध्याकाळी पडद्यावर नातू आला. अक्का बोलेना, नुसती बघत राहिली. दाजी तिच्या खांद्यामागं उभे होते. नातवानं त्यांच्याकडं बोट दाखवून काहीतरी बडबड केली. दाजींनी घाईघाईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. या खेपेला मात्र नातू चार सेकंदांत संपला नाही. चांगला पाऊण तास होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कागद घेतला. अक्काचा फोन एका रकान्यात, शेजारी तेव्हाचे दोन स्पर्धक. हिशेबानं अक्काचा फोन ४१० रुपयांनी महाग निघाला. खाली लाल शाईत शेरा: "तातडीची बाब. कार्योत्तर मंजुरी." आणि सही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांत स्मार्टफोन मिळणार अशी पानभर जाहिरात आली, तेव्हा देशभर झुंबड उडाली. बुकिंगची वेबसाइट कोलमडली. कारखान्यातली तीन पोरं पैसे भरायला निघाली होती. दाजींनी त्यांना स्टोअरमध्ये बसवलं आणि पाठकोऱ्या कागदावर पडदा, बॅटरी, खोकं, टपाल असं लिहीत गेले. "अरे, एवढ्यात बारदानसुद्धा येत नाही." पुढं त्या फोनचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून कारखान्यात कुणालाही फोन घ्यायचा झाला की आधी दाजींना विचारतात, मग आपल्याला हवा तो घेतात.

परवा शेजारच्या आजोबांसाठी त्यांनी दोन स्वस्त फोनांचा तक्ता केला, तो मला दाखवला. बाबी तेवीसच्या चोवीस झाल्यात. नवी बाब पहिल्या क्रमांकावर, किमतीच्याही वर: "पलीकडचं माणूस दिसतं का?"

दोन्ही रकान्यांत "होय" होतं. शेरा: "समान." त्याखाली मात्र दाजींनी भागाकार केलेला नव्हता.