चिरंजीव गाडीखाली आहेत

मिल्टन कीन्स

ती. आईंस शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तो गाडीखाली काय करतोय?" तेव्हा मी विषय बदलला, कारण चिरंजीव पाना घेऊन शेजारीच उभे होते. म्हणून हे पत्र. अण्णांसमोर मोठ्याने वाचू नका. दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस, दुसऱ्या ओळीलाच थांबवून व्याख्यान सुरू करेल.

झालं काय, आपली २०१० सालची गाडी एमओटीला नेली होती. तीन वर्षं उलटलेल्या गाडीची इथे दरवर्षी तपासणी लागते. फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. गाडी पास झाली, पण खाली शेरा आला: पुढच्या डाव्या लोअर आर्मचं बुश झिजलंय, मात्र अजून फार हलत नाही. अण्णांच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर हेच म्हणाले होते ना? अण्णांनी त्याचा अर्थ 'पर्वती चढायला हरकत नाही' असा लावला, चिरंजीवांनी 'घरीच करता येईल' असा.

बुश म्हणजे एकात एक दोन लोखंडी नळ्या आणि मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. चाक धरून ठेवणारा आर्म खालीवर होतो तेव्हा हे रबर पीळ खातं आणि रस्त्याचे धक्के पोटात घालतं. ते फाटलं की गतिरोधकावर 'टक्क' वाजतं, ब्रेक दाबला की गाडी एकीकडे ओढते आणि टायर एका कडेने झिजतो. डावंच बुश का गेलं, यावर चिरंजीवांचा सिद्धांत आहे. आमचं गाव राउंडअबाउटसाठीच प्रसिद्ध. दिवसभर उजवीकडे गरगरायचं, सगळा भार डाव्या चाकावर. मी म्हटलं, "खड्डेही डाव्या कडेलाच असतात." हे त्यांना शास्त्रीय वाटलं नाही.

गॅरेजने सांगितलेल्या आकड्यात सामान एक आणा, मजुरी पंधरा आणे. बुशांसकट अख्खा आर्म तयार मिळतो, पण आपल्या घराण्यात धड लोखंड टाकून देत नाहीत. तेव्हा नुसतीच बुश मागवली, दोन्ही बाजूंची.

खरा शत्रू बुश नव्हे, बोल्ट. थंडीत इथल्या रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, खाणीतलं, तुमच्या उपासाच्या सैंधवाच्याच जातीचं, पण तपकिरी. इतक्या हिवाळ्यांचं मीठ खाऊन तो बोल्ट आतल्या नळीला असा चिकटला होता की रात्रभर तेल पाजूनही ढिम्म. सकाळी पान्याला पाइप लावून जोर केला. बोल्ट जागचा हलला नाही, चिरंजीवांची कंबर हलली.

शेजारचे आजोबा चहाचा मग घेऊन कुंपणापलीकडून बघत होते. ते वुल्व्हर्टनच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. कारखाना १८३८ सालचा, राजघराण्याच्या आगगाडीची देखभालही तिथेच होत आलेली. बराच वेळ बघून ते म्हणाले, "छान ऊन पडलंय कामाला." इंग्रज माणसाच्या तोंडी याचा अर्थ 'बाजूला हो' असा होतो. मग त्यांनी बर्नर आणून ती जागा तापवली, दोन ठोके दिले आणि बोल्ट निमूट बाहेर आला. जुनं बुश काढण्याआधी त्यांनी आर्मवर खूण केली, कारण रबरात ठेवलेल्या फटी ठरलेल्या दिशेलाच यायला हव्यात. त्यांच्या शेडमध्ये हायड्रॉलिक प्रेसही निघाला. नवी बुश आकसून सहज बसावीत म्हणून तोवर माझ्या फ्रीजरमध्ये, नारळाच्या चवाशेजारी, मुक्कामाला होती. त्यावर मी काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पुढचं तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलंत. गाडी जॅकस्टँडवर, चाकं लोंबकळत, आणि चिरंजीव सगळं जाम आवळायच्या बेतात. तेवढ्यात अण्णा तिकडून ओरडले, "आधी चाकं टेकव, मग आवळ!" आजोबांना मराठीचं अक्षर येत नाही, पण त्याच क्षणी तेही इंग्रजीत तेच ओरडले. अधांतरी आवळलं की गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवं बुशही लवकर फाटतं. दापोडी आणि वुल्व्हर्टनचं चिरंजीवांबद्दल एकमत व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

गॅरेजातून अलाइनमेंट करून आणलं. पुढचा आवाज पार गेला. आता त्या शांततेत मागचा ऐकू येतो. बुश मागेही असतात, आई. तेव्हा फोनवर कौतुक जरा बेतानेच करा.

अण्णांना नमस्कार.

आपली,
सूनबाई

ता. क. : तुम्ही येताना आणायच्या यादीत चिरंजीवांनी मेतकुटाखाली हळूच 'अण्णांचे गोटीपाने' लिहिलेत. सापडले नाहीत म्हणून सांगा.