सीतेनं रामायण ऐकलेलं असतं

वनवासाला निघालेला राम सीतेला अयोध्येतच राहायला सांगतो, तेव्हा वाल्मीकींची सीता रडते, रागावते, रामाला चार शब्द सुनावते. अध्यात्मरामायणातली सीता मात्र शेवटी भात्यातून वेगळाच बाण काढते. ती म्हणते, मी ब्राह्मणांच्या तोंडून पुष्कळ रामायणं ऐकली आहेत. सीतेला मागे ठेवून राम वनात गेला, असं एकात तरी ऐकलंय का कुणी? यावर राम काय बोलणार? गोष्टीतल्या माणसानंच गोष्ट आधी ऐकलेली असली की वादाचं दार मिटतं. मला मात्र हा प्रसंग आठवला की पुढची काळजी लागते. जिनं एवढी रामायणं ऐकली, तिला सोन्याचं हरीण ठाऊक नसेल? दारात उभा राहणारा गोसावी ठाऊक नसेल? सगळं ठाऊक असून तिनं त्या हरणावर हरखायचं कसं?

ग्रंथकर्त्यालाही ही अडचण जाणवली असावी. तिथे राम सीतेला पुढचं सगळं आधीच सांगून ठेवतो आणि अग्नीत लपायला लावतो. हरीण पाहून हरखते ती तिची छाया. जिला माहीत आहे ती आत, जिला माहीत नाही ती बाहेर. लक्ष्मणाला यातलं काहीच सांगितलेलं नाही, म्हणून राम त्याच्यासमोर साध्या माणसासारखा शोक करतो. दुःख आहे म्हणून रडणं कुणालाही जमतं. शेजारच्या माणसाला अजून कळलेलं नाही म्हणून रडायचं, हे काम देवाकडेच द्यावं लागलं.

ही सीता मला हल्ली वरचेवर आठवते, त्याला कारण माझा भाचा. तो पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. दिवाळीला आमगावच्या घरी येताना त्यानं फराळाला जागा ठेवून उरलेल्या पिशवीत वीस बाजूंचे फासे भरून आणले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेत काढला. यात पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतात. लागते ती गोष्ट. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. पात्र काय करतं ते खेळणाऱ्यानं सांगायचं, जमलं की फसलं ते फाशानं सांगायचं, आणि जगात त्यामुळे काय झालं ते डीएमनं. डीएमसमोर एक पुठ्ठा उभा असतो आणि त्याच्याआड सगळी गुपितं, वाण्याच्या गल्ल्यात असावीत तशी नीट मांडून ठेवलेली.

मला वाटलं होतं, यात अवघड काम राक्षस मारण्याचं असेल. भाचा म्हणाला, “नाही मामा, राक्षस मरतात. अवघड असतं ते कुणाला काय माहीत आहे हे सांभाळणं.” या खेळात ट्रोल नावाचा एक राक्षस आहे, त्याच्या जखमा आपोआप भरून येतात, आग किंवा आम्ल लागलं तरच भरायच्या थांबतात. मुरलेल्या प्रत्येक खेळाडूला हे पाठ असतं. पण त्याचं पात्र असतं कालच गाव सोडून निघालेलं, ट्रोलचं नावही न ऐकलेलं. त्यानं पहिल्याच फटक्याला मशाल पुढे करावी कशी? मग मोठमोठी शिकलेली माणसं बराच वेळ इमानेइतबारे तलवारी चालवत बसतात आणि अखेर कुणाच्या तरी हातून मशाल “चुकून” पडते. भाचा यावर बरेच उपाय करतो. एकालाच कळायचं असेल ते चिठ्ठीवर लिहून देतो. कधी दोघांना स्वयंपाकघरात पाठवून तिसऱ्याच्या कानात सांगतो. पात्राला एखादी गोष्ट ठाऊक असेल की नाही, हेसुद्धा कधी फाशालाच विचारतो. ही शेवटची युक्ती मला फार आवडली. आपल्याला काय माहीत असावं हे फासा टाकून ठरत असतं, तर आमच्या गावातली निम्मी भांडणं झाली नसती.

आमगावच्या पोरांसाठी त्यानं ट्रोल बाजूला ठेवून घरचाच राक्षस आणला. त्याला तलवार लागली, रक्ताचा थेंब जमिनीवर पडला, आणि थेंबातून दुसरा राक्षस उभा राहिला. छपरीत एकदम शांतता. प्रत्येक पोरानं नवरात्रात आजीच्या मांडीवर रक्तबीज ऐकलेला होता. पण धाकट्या पुतणीचं पात्र होतं उत्तरेकडच्या बर्फाळ बेटावरची एक चोर. तिनं कुठून ऐकलं असणार देवीमाहात्म्य? पोरं मोठ्या मनाची. ओठ घट्ट मिटून ती तलवारी चालवत राहिली आणि राक्षसांनी अंगण भरून गेलं. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या माझ्या आईला हे बघवेना. “अरे, रगत खाली पडू देऊ नोका ना!” ती ओरडली.

“आजी, तू खेळात नाहीस,” भाचा म्हणाला.

“खेळात नाही, पन मले मालूम हाय ना!”

खेळातली सगळी अडचण तिनं एका वाक्यात सांगितली होती. पंचायत बसली. ऐकलेलं न ऐकलेलं करावं तर आजीचा अपमान, ऐकावं तर खेळाचा. शेवटी भाच्यानं निकाल दिला: आभाळातून आवाज आला. तेव्हापासून आई त्या खेळात देववाणी आहे. फासा टाकत नाही, पण तिचं ऐकावं लागतं. घरातही साधारण अशीच व्यवस्था आहे.

या कामात व्यासांच्या पासंगाला पुरेल असा डीएम मला माहीत नाही. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचं कसं ते सांगितलं आणि बाहेर पडायचं कसं ते राखून ठेवलं. कर्णाला त्याचं कूळ युद्धाच्या तोंडावर कळतं, तेव्हा तो कृष्णाला विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, त्याला कळलं तर तो राज्य घेणार नाही. पांडवांना कळतं ते कर्ण गेल्यावर. सगळं महाभारत या एका चिठ्ठीवर तोललेलं आहे, आणि ती चिठ्ठी द्यायला व्यासांनी घाई केली नाही.

पोरांना जे अवघड वाटत होतं ते आमच्या मुलखात, झाडीपट्टीत, दर हिवाळ्यात उघड्यावर चालतं. दिवाळी झाली, हलका धान घरात आला की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं ठाणं म्हणजे वडसा. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीत बसलं की वाटेत लागतं. दिवाळीपासून होळीपर्यंत या कंपन्या गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीची गावं जागवतात. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मध्यरात्रीच्या सुमाराला खलनायक हातात सुरा घेऊन नायकाच्या मागे येतो. शेतभर बसलेलं गाव ओरडतं, “मांगं पाय ना गा! मांगं!” एवढ्या माणसांच्या आवाजात त्या एकट्यानं मागे न पाहता आईच्या आठवणीत हळवं व्हायचं असतं. त्यात पुन्हा प्रॉम्प्टर. तालमी जेमतेम झालेल्या, म्हणून आडोशाचा प्रॉम्प्टर इतक्या कळकळीनं वाक्य पुरवतो की पुढे बसलेल्या बायांना ते नायकाच्या आधी कळतं. नायकाला काय वाटणार आहे हे गावाला माहीत, फक्त नायकाला अजून माहीत नाही. मग तो ते वाक्य असा दचकून म्हणतो की त्याच बाया पदर डोळ्यांना लावतात. यातल्या कित्येकींनी हेच नाटक मागल्या वर्षी माहेरच्या मंडईत पाहिलेलं असतं.

त्याच गर्दीत दुसरंही एक नाटक चालू असतं. मंडईला पाहुणे येतात, पाहुण्यांत एखादा लग्नाचा मुलगा असतो आणि घरातली मुलगी “सहज” चहा घेऊन येते. ती कशाला आली हे तिला माहीत असतं, तो कशाला आला हे त्याला. चहात साखर जास्त झाली हे तर सगळ्यांना. कुणी काही बोलत नाही.

माझे काका आजारी पडले तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. काकांना सांगायचं नाही, असं घरात ठरलं. पोरांना तंबी दिली, रिपोर्ट कपाटात, भेटायला येणाऱ्याला फाटकातच गाठून पढवायचं. आम्ही फार चोख काम केलं. काका खाटेवरून विचारायचे, “पुढच्या साली बोडीखालच्या बांधीत चिन्नोर लावू का गा?” आम्ही म्हणायचो, लावू. रोवणीला बाया कुठून आणायच्या, यावरसुद्धा चर्चा व्हायची. ते गेल्यावर काकूनं पेटी उघडली. कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं, सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. चिन्नोरचं बियाणं शेजाऱ्याला देऊनही झालं होतं. वहीवरची तारीख आम्ही नागपूरहून परतलो त्याच आठवड्यातली होती. आम्हाला काय माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि आमच्यापैकी कुणाचाही संवाद पडू नये म्हणून ते रोज संध्याकाळी रोवणीचा विषय काढत होते. पुठ्ठ्याआड आम्ही नव्हतोच बसलेलो.

भाच्याला मी हे सांगितलं. तो बराच वेळ फासा बोटांत फिरवत राहिला आणि मग म्हणाला, “मामा, आजोबा चांगले डीएम झाले असते.” त्याच्या शब्दकोशात याहून मोठी पदवी नाही.

तुम्ही कधी दिवाळीनंतर आमच्याकडे आलात तर मंडईचं नाटक चुकवू नका. खलनायक कोण, सुरा कधी निघतो, शेवटी कोण कुणाचा हरवलेला भाऊ निघतो, हे तिकिटाच्या रांगेतलं पोरगंसुद्धा न विचारता सांगेल. ऐकून घ्या, त्याचा हिरमोड करू नका. मग वेळ आली की सगळ्यांबरोबर तुम्हीही ओरडा. नायक वळून पाहणार नाही. आणि शाल आणा, पहाटे शेतात थंडी फार असते.